डायनोसॉर गेले, मग मुंबई आली!

आपण ज्या काळ्या दगडावर राहतो, तो नक्की कधीचा? गिरगाव-वरळीच्या टेकड्यांपासून इटलीतल्या समुद्री चुनखडीपर्यंत जुळवलेल्या एका तारखेची गोष्ट...

नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर...

नावं वाचून ‘कधी निघायचं?’ असा मेसेज ग्रुपवर टाकू नका. हा वीकेंडचा प्लॅन नाही. प्रिन्स्टन आणि बर्कलेच्या लॅबमध्ये बसलेले शास्त्रज्ञही ही नावं घेतात, आणि नेमकी याच क्रमाने घेतात. सह्याद्रीतले लाव्हाचे थर खालून वर मोजायचे, तर प्रत्येक गटाला काहीतरी नाव हवं. ती नावं आपल्या गावांची आणि घाटांची आहेत.

एवढ्या लांबच्या लोकांना आपल्या घाटात इतका रस का? कारण तारीख! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरच्या जवळपास तीन चतुर्थांश प्रजाती संपल्या. डायनोसॉर गेले, समुद्रातले गोगलगायीसारखे वळणदार शंखवाले अ‍ॅमोनाइट गेले. या प्रकरणात संशयित दोन. एक मेक्सिकोत आदळलेला लघुग्रह. दुसरा आपल्या दख्खनवर उसळलेला लाव्हा, जो आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. मग प्रश्न सरळ आहे. लाव्हा आधी आला, की प्राणी आधी गेले?

गंमत अशी, की हे उत्तर एकट्या लाव्हाकडे नाही. ते समुद्राच्या तळाशी आहे. आणि दोघांच्या तारखा जुळवता जुळवता शास्त्रज्ञांना मुंबईबद्दलही एक भलतीच गोष्ट कळली.

रद्दीचा फंडा

थर जुळवणं म्हणजे काय, हे समजायला भूगर्भशास्त्राची डिग्री लागत नाही. रद्दी पुरते.

समजा, गिरगावातल्या चाळीत एका आजोबांनी पोटमाळ्यावर पंचवीस वर्षांची वर्तमानपत्रं रचून ठेवली आहेत. लालबागच्या एका खोलीतही असाच ढीग आहे. दोन घरांत पेपर वेगळे, आणि उंदरांनी सगळ्या तारखा कुरतडलेल्या. आता गिरगावच्या ढिगातला अमुक पेपर आणि लालबागच्या ढिगातला तमुक पेपर एकाच आठवड्यातले, हे कसं सांगणार?

नियम एक. खालचा पेपर जुना, वरचा नवा. मध्ये कुणी दिवाळीची साफसफाई करताना ढीग उलटा केला नसेल, तर हे नेहमी खरं.

नियम दोन. सिनेमाच्या जाहिराती बघा. एखादा सिनेमा सगळीकडे लागला आणि दोन आठवड्यांत उतरला, तर त्याची जाहिरात ज्या पेपरात आहे तो त्याच दोन आठवड्यांतला. इथे फ्लॉप पिक्चर कामाचा, हिट नाही! मराठा मंदिरला हजाराहून जास्त आठवडे चाललेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ची जाहिरात दिसली, तर तिच्यावरून काय कळणार? कप्पाळ!

नियम तीन. अशी बातमी शोधा, जी सगळ्या पेपरांत एकाच दिवशी आली. २७ जुलै २००५. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई बुडाली होती. पेपर कुठलाही असो, पहिल्या पानावर पाणीच. दोन्ही ढिगांत ते पान सापडलं की दोरी बांधून टाकायची. त्याच्या खालचं सगळं आधीचं, वरचं सगळं नंतरचं. आणि एखाद्या घरात त्या आठवड्याचे पेपरच नसतील, तर गॅप आहे, हेही लक्षात ठेवायचं.

बस, एवढंच. रद्दीच्या जागी समुद्रतळावरचा गाळ ठेवा, सिनेमाच्या जागी जीवाश्म, आणि २७ जुलैच्या जागी... त्याच्याकडे येतेच.

समुद्रच का? कारण जमिनीवरची रद्दी नीट राहत नाही. नदी थर आणते, तीच नदी वाहूनही नेते. खोल समुद्रात मात्र वरून अगदी बारीक गाळ सावकाश पडत राहतो, हजारो वर्षं, फारसा खंड न पडता. त्या गाळात फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचं असतात. बरीचशी एक मिलिमीटरहूनही लहान. यातले काही समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तरंगतात, त्यामुळे ते पार या महासागरापासून त्या महासागरापर्यंत पसरतात. त्यांच्या जाती पटापट येतात आणि पटापट जातात. म्हणजे सगळीकडे लागलेले आणि लवकर उतरलेले सिनेमे. थर जुळवायला याहून चांगलं काही नाही.

फोर्टातल्या भिंतीत

फोरॅमिनिफेराला भेटायला मुंबईबाहेर जायला नको. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टातल्या जुन्या वास्तूंसकट दक्षिण मुंबईतल्या कित्येक ब्रिटिशकालीन इमारतींत पोरबंदरी दगड वापरलाय. फिकट पिवळसर, कोरीवकामाला सोपा. हा चुनखडीचा दगड ज्या कणांचा बनलाय त्यांत या जीवांची कवचं भरपूर असतात. मिलिओलिड जातीच्या कवचांवरूनच त्याला ‘मिलिओलाइट’ म्हणतात. तो डायनोसॉरच्या काळाच्या मानाने अगदी अलीकडचा आहे, पण जीव त्याच घराण्यातले.

मिलिओलाइट हे नाव १८४९ मध्ये रूढ केलं हेन्री जॉन कार्टर यांनी. ते मुंबईतले ईस्ट इंडिया कंपनीचे सर्जन. दिवसा पेशंट, उरलेल्या वेळात मायक्रोस्कोप. मुंबई बेटाच्या भूगर्भावर पहिला सविस्तर निबंध लिहिणारेही हेच. टाउन हॉलच्या ज्या पायऱ्यांवर आज प्री-वेडिंग शूट चालतात, त्याच इमारतीतल्या एशियाटिक सोसायटीचे ते सेक्रेटरी होते. समुद्रातले सूक्ष्म जीव आणि मुंबईतला काळा दगड, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते. पण या दोघांची गाठ पडायला अजून सव्वाशे वर्षं जायची होती.

एका सेंटिमीटरची भानगड

आता जरा लांब, इटलीत. गुब्बिओ नावाच्या जुन्या गावाजवळच्या घळीत गुलाबी चुनखडीचे थर उभे आहेत. एकेकाळी तो खोल समुद्राचा तळ होता. खालच्या थरांत फोरॅमिनिफेराची मोठी, नक्षीदार कवचं दिसतात. मग एकदम सगळं बंद. वरच्या थरात उरतात फक्त टाचणीच्या टोकाहून बारीक, साधी कवचं. दोघांच्या मध्ये चिकणमातीचा थर, जाडी जेमतेम एक-दोन सेंटिमीटर.

१९७०च्या दशकात वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाला हा थर छळू लागला. एवढीशी माती साचायला किती वर्षं लागली असतील? हजार? लाख? त्याने हा प्रश्न वडिलांना विचारला. वडील लुई अल्वारेझ, १९६८ चे भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते! त्यांनी इरिडियम मोजायचं सुचवलं. हा धातू पृथ्वीच्या कवचात अगदी कमी, उल्कांमध्ये बराच जास्त. अवकाशातली धूळ ठरावीक वेगाने पडते, म्हणजे इरिडियम मोजलं की वर्षं कळतील, असा हिशोब. प्रत्यक्षात त्या मातीत इरिडियम आजूबाजूच्या थरांपेक्षा सुमारे तीसपट निघालं. धुळीने एवढं येणं शक्यच नव्हतं. डेन्मार्क आणि न्यूझीलंडमध्ये त्याच पातळीवर तसंच सापडलं. १९८० मध्ये त्यांनी जाहीर केलं, की मोठा लघुग्रह आदळला होता.

हे आपलं २७ जुलैचं पहिलं पान! जगभरातल्या समुद्री थरांत एकाच दिवशी छापली गेलेली बातमी. १९९१ मध्ये मेक्सिकोतल्या चिक्शुलूब इथे सुमारे १८० किलोमीटर रुंदीचं विवरही ओळखलं गेलं. भारतातही हे पान आहे. मेघालयात चेरापुंजीच्या परिसरात उम सोहरिंगक्यू नदीच्या काठावर समुद्री थरांमध्ये इरिडियमवाला पट्टा सापडलाय.

मग केस क्लोज्ड? छे! मध्ये आपला सह्याद्री उभा आहे.

लाव्हाला तारीख कशी घालायची?

वितळलेल्या दगडात कोण जगणार? लाव्हात फोरॅमिनिफेरा नसतात, म्हणजे सिनेमाच्या जाहिराती नाहीत. या ढिगाला समुद्राच्या ढिगाशी जोडायचं कसं? गेल्या चाळीस वर्षांत यावर तीन जुगाड निघाले. तिन्ही भन्नाट आहेत.

पहिला होकायंत्राचा. लाव्हा थंड होताना त्यातली लोहयुक्त खनिजं त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेची दिशा धरून गोठतात. आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मधूनमधून चक्क उलटतं. उत्तरेची दक्षिण होते. गुब्बिओच्या चुनखडीत ही उलथापालथ नोंदली गेलीय, सह्याद्रीच्या लाव्हातही. १९८६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ व्हँसाँ कुर्तिलो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दख्खनचा बहुतेक लाव्हा एकाच उलट्या कालखंडाच्या आसपास आलाय. गुब्बिओतली ती मातीही त्याच कालखंडातली. म्हणजे लाव्हा आणि विनाश एकाच ‘आठवड्यात’ बसले. पण हा आठवडा काही लाख वर्षांचा. वार कळायचा राहिलाच.

दुसरा जुगाड राजमहेंद्रीचा. दख्खनचा काही लाव्हा पूर्वेकडे वाहत वाहत थेट आजच्या आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे सुमारे १००० किलोमीटर गेला आणि समुद्राला भिडला. पृथ्वीवरच्या सगळ्यात लांब लाव्हा-प्रवाहांत त्याची गणना होते. तिथे काय झालं? लाव्हा, समुद्राचा गाळ, पुन्हा लाव्हा. अक्षरशः सँडविच! दोन लाव्हांमधल्या गाळात फोरॅमिनिफेरा सापडले. प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर यांच्या टीमने २००८ मध्ये तिथल्या खाणींमधून आणि २०११ मध्ये ओएनजीसीच्या विहिरींच्या नमुन्यांमधून दाखवलं, की खालचा लाव्हा विनाशाच्या सीमेपाशी येऊन थांबतो. त्यावरच्या गाळात विनाशानंतरचे बारके जीव आहेत. इथे लाव्हा आणि समुद्र एकाच ढिगात सापडले.

२००९ मध्ये याच टीमने मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली इथल्या थरांचा अभ्यास मांडला. नागपूरचे धनंजय मोहबे आणि सुनील बाजपेयी हे भारतीय शास्त्रज्ञही त्यात होते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, लाव्हाच्या दोन थरांमध्ये, तरंगणारे समुद्री फोरॅमिनिफेरा! म्हणजे तेव्हा समुद्राचा एक फाटा मध्य भारतात शिरला होता, असं त्यांचं म्हणणं. छिंदवाड्याला समुद्रकिनारा... कल्पना करा.

तिसरा जुगाड तुम्हीही पाहिलाय. सिंहगड एक्सप्रेसच्या खिडकीतून किंवा एक्स्प्रेस वेवर खंडाळ्याच्या घाटात, काळ्या कातळात मधूनच तांबडे पट्टे दिसतात. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा यायच्या आधी जी माती तयार झाली, ती हीच. त्यातल्या काही पट्ट्यांत ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांत युरेनियम असतं, आणि त्याचं ठरावीक वेगाने शिसं होत जातं. दोन्ही मोजा, वय काढा. थेट घड्याळच!

२०१५ मध्ये प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या टीमने या घड्याळावरून सांगितलं, की मुख्य उद्रेक विनाशाच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन पेपर शेजारी शेजारी आले. शोन यांची टीम म्हणाली, लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला, आणि त्यातला एक मोठा झटका लघुग्रहाच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला. बर्कलेच्या कोर्टनी स्प्रेन आणि सहकाऱ्यांनी आर्गॉनच्या पद्धतीने मोजलं आणि म्हणाले, बहुतांश लाव्हा विनाशानंतरचा आहे. विनाशाची रेघ घाटातल्या नेमक्या कुठल्या पातळीवर मारायची, यावर दोघांचं जमत नाही. वाद पोलादपूरच्या थराच्या पायथ्याचा की माथ्याचा, इतक्यावर आलाय. सहा कोटी वर्षांच्या हिशोबात एवढा फरक राहावा, हेच मला तरी अफाट वाटतं.

२०२० मध्ये पिन्सेली हल यांच्या टीमने पुन्हा समुद्राचा तळ गाठला. खोल समुद्रातून काढलेल्या गाळात तेव्हाचं तापमान आणि कार्बन तपासला. त्यांचा निष्कर्ष असा, की लाव्हातून निघालेल्या वायूंनी पृथ्वी आधी तापवली होती, पण विनाशापूर्वीच ती बरीचशी सावरली होती. मुख्य दोषी लघुग्रह. आज बरेच शास्त्रज्ञ याच बाजूचे आहेत. पण लाव्हाने आधीच जीवसृष्टीला आजारी करून ठेवलं होतं का, नंतर सावरायला उशीर लावला का, हे मिटलेलं नाही. हा फक्त डायनोसॉरचा प्रश्नही नाही. हवेत कार्बन किती गेला, याइतकंच किती वेगाने गेला, हे महत्त्वाचं. दख्खनला त्यासाठी हजारो-लाखो वर्षं मिळाली. आपण तेच काम दोन-तीनशे वर्षांत उरकतोय. भरतीला पाऊस आला की हिंदमाताला काय होतं, हे लालबाग-परळकरांना वेगळं सांगायला नको.

वरळीचा बेडूक

आता घरी येऊ. मुंबईचा दगड यात कुठे बसतो?

जुनी मुंबई दोन कण्यांवर उभी आहे. पश्चिमेला मलबार हिलपासून वरळीपर्यंतची रांग, पूर्वेला माझगाव, शिवडी, अँटॉप हिलच्या टेकड्या. गिरगाव, परळ, लालबाग हा बराचसा भाग या दोघांच्या मधल्या सखल पट्ट्यातला. मलबार हिल आणि वरळीत लाव्हाच्या थरांमध्ये गाळाचे थर आहेत. पण हा गाळ खोल समुद्राचा नाही, उथळ तळ्याचा. १८४७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी इथून गेलेल्या जीवाश्मांवरून एका बेडकाचं वर्णन केलं. हे तेच ओवेन, ज्यांनी पाच वर्षं आधी ‘डायनोसॉर’ हे नाव दिलं होतं. या बेडकाला त्यांनी नाव दिलं ‘राना पुसिला’. पुसिला म्हणजे इवलासा. १९३० मध्ये तो वेगळ्याच वंशाचा ठरला आणि ‘इंडोबॅट्रॅकस’ झाला. भारताचा बेडूक, पत्ता वरळी!

तळ्यात कासवंही होती. शिवाय १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजचे प्रा. आर. एन. सुखेशवाला यांनी सहकारी पोल्डरवार्ट यांच्याबरोबर मुंबईच्या बेसॉल्टवर जे लिहिलं, ते आजही अभ्यासलं जातं. मुंबईत काही ठिकाणी लाव्हा उशा रचून ठेवल्यासारखा गोलगोल दिसतो. लाव्हा पाण्यात शिरला की असं होतं. म्हणजे इथे सह्याद्रीसारखं कोरडं पठार नव्हतं. पाणी होतं, चिखल होता, डराव डराव होतं.

हे सगळं डायनोसॉरच्या काळातलं, असं बराच काळ धरून चालत. पण होकायंत्र, झिरकॉन, आर्गॉन ही घड्याळं आली आणि हिशोब बदलला. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि सहकारी मुंबईच्या दगडांची वयं काढत होते. २०१७ मध्ये कांचन पांडे, यतीश आणि शेठ यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईच्या लाव्हाचं वय आलं सुमारे ६ कोटी २५ लाख वर्षं. विनाशानंतर तब्बल ३५ लाख वर्षांनी!

आणि कारणही फिल्मी आहे. तेव्हा सेशेल्स आपल्या शेजारी होतं. हो, तेच हनिमून पॅकेजवालं सेशेल्स. ते भारतापासून तुटून निघालं, आणि त्या ताटातुटीत मुंबईचा लाव्हा वर आला. मुंबईतले तळ्याचे थरही आता अनेक अभ्यासक पॅलिओसीन, म्हणजे विनाशानंतरच्या युगातले मानतात.

म्हणजे बघा. खंडाळ्याचा कातळ घटनेचा साक्षीदार. पण मलबार हिल, वरळी? हे सगळं नंतर आलं. डायनोसॉर गेले, अ‍ॅमोनाइट गेले, आणि एका नव्या जगात एका तळ्याकाठी एक इवलासा बेडूक बसला होता. आपलं शहर त्या जगावर उभं आहे.

हे आकडे डोक्यात बसत नसतील तर विरार लोकल पकडा. विरारला विनाश झाला आणि आज आपण चर्चगेटला उतरतोय, असं धरा. मुंबईचा लाव्हा नालासोपारा यायच्या जरा आधी येतो. आणि माणूस? गाडी चर्चगेटच्या प्लॅटफॉर्मला लागल्यावर. आपला अख्खा इतिहास बारा डब्यांच्या एका लोकलच्या लांबीत मावतो.

जाता जाता ‘शिवा’

मुंबईच्या समुद्रात दुसरंच विवर आहे, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. टेक्सासमधले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ शंकर चॅटर्जी यांनी १९९०च्या दशकात ही कल्पना मांडली. मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली, जिथे १९७४ मध्ये बॉम्बे हायचं तेल लागलं त्या भागात, शेकडो किलोमीटर रुंदीचं ‘शिवा’ विवर आहे, असं ते म्हणतात. स्टोरी म्हणून एकदम हिट! पण बहुतेक भूवैज्ञानिकांना ती पटलेली नाही. चिक्शुलूबसारखा भक्कम पुरावा तिथून आलेला नाही. चहाच्या टपरीवर सांगायला हरकत नाही, पण खाली स्टार करून.

टॉवरखालचं पान

ही स्टोरी करताना मी वरळीला गेले. समोर काचेचे टॉवर, बॅरिकेड, डंपर. बेडकांचे ते थर यांच्याखालीच कुठेतरी आहेत. गिरगाव, दादर, वरळीच्या पोटातून मेट्रो ३ चा बोगदा गेला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. गिरण्यांच्या जमिनींवर चाळीस-पन्नास मजले उठले. मुंबईच्या पोटात एवढं खोल आणि इतक्या ठिकाणी याआधी कुणी शिरलं नव्हतं.

माझी एक मैत्रीण परळच्या एका साइटवर इंजिनिअर आहे. तिने मला कोअर बॉक्स दाखवला. टॉवरचा पाया घालण्याआधी जमिनीत खोलवर बोअर मारतात. त्यातून मनगटाएवढ्या जाडीचे दगडाचे गोल दांडे निघतात. ते लांबट पेटीत क्रमाने लावतात आणि शेजारी खोली लिहितात. मधल्या एका कप्प्यात काळपट, पापुद्रे सुटणारा दगड होता. मैत्रिणीच्या भाषेत ‘वीक झोन’. फाउंडेशनला डोकेदुखी. माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच. हे गिरगाव-लालबागच्या रद्दीचं एखादं पान तर नाही? तिला म्हटलं, या पेटीचं पुढे काय होतं? ती म्हणाली, रिपोर्ट झाला की पेटी पडून राहते, आणि साइट हँडओव्हरच्या वेळी डेब्रिजबरोबर जाते.

राजमहेंद्रीचं कोडं सुटलं ते कुणीतरी तेलाच्या विहिरीतले नमुने जपून ठेवले होते म्हणून. विहीर तेलासाठी खणली होती, डायनोसॉरसाठी नाही. पण पेट्या होत्या, लेबलं होती, शास्त्रज्ञ आल्यावर त्या उघडता आल्या. मुंबईतले उघडे कातळ दर वर्षी कमी होताहेत. टेकडी एकदा कापली, की तिचा थर पुन्हा कुठून आणणार? पण बोअरचे हे दांडे दर महिन्याला निघताहेत, आणि तेही नेमके अशा सखल भागांतून, जिथला दगड भरावाखाली गेल्याने कुणी पाहिलेलाच नाही.

यासाठी विकास थांबवायची गरज नाही. पेटीवर जागेचं नाव आणि खोली असते. त्यातले दोन-चार दांडे एखाद्या कॉलेजच्या किंवा संस्थेच्या भूगर्भशास्त्र विभागाच्या गोदामात गेले, तर बिल्डरचं काय जातं? टॉवरच्या लॉबीत इटालियन मार्बलच्या शेजारी काचेत एक दांडा उभा केला तर? खाली लिहायचं, ‘या इमारतीच्या पायाखालून, वय ६ कोटी वर्षं’. सी-व्ह्यूपेक्षा भारी अ‍ॅमेनिटी!

तुमच्यापैकी बरेच जण आर्किटेक्ट असाल, सिव्हिलवाले असाल, मेट्रोच्या किंवा रिडेव्हलपमेंटच्या प्रोजेक्टवर असाल. पुढच्या वेळी पेटी डंपरमध्ये चढायच्या आधी एकदा वाकून बघा. काळ्या पापुद्र्यांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढा एखादा सांगाडा दिसला, तर फोन करायला उशीर लावू नका.

या वीकेंडला बघा

खंडाळ्याचा घाट : काळ्या लाव्हामधले तांबडे पट्टे. पावसाळ्यानंतर, गवत सुकायला लागलं की छान दिसतात. गाडी चालवणाऱ्याने बघू नये!

गिल्बर्ट हिल, अंधेरी पश्चिम : सुमारे २०० फूट उंच, उभ्या खांबांचा कातळ. २००७ मध्ये महापालिकेने हेरिटेज दर्जा दिला. हाही डायनोसॉरनंतरचाच.

वाळकेश्वर : गिरगाव चौपाटीवरून चढून जा, बाणगंगेच्या मागे ओहोटीला समुद्रकाठचा काळा कातळ उघडा पडतो. शेवाळ असतं, चपला चांगल्या घाला.

फोर्ट : पोरबंदरी दगडाची भिंत गाठा आणि दहा-वीसपट मोठं दाखवणारं भिंग लावा. वॉचमनने हटकलं तर सांगा, फोरॅमिनिफेरा बघतोय. तोही बघायला येईल.